उजेडात बस

तारनाका, हैदराबाद
९ जुलै २०२४

चि. विनय,

आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते बाजूला ठेवशील आणि संध्याकाळी चहा पिताना उघडशील, हे मला ठाऊक आहे. फोनवर मी रडते आणि मग तुला दिवसभर काम सुचत नाही, असं तूच म्हणाला होतास. शिवाय या दोन खोल्यांत मी कितीही हळू बोलले तरी तुझ्या बाबांना सगळं ऐकू जातं. तेव्हा पत्र. पोस्टातली मुलगी विचारत होती, अम्मा, अजून कुणी पत्रं लिहितं का? म्हटलं, ज्यांची मुलं फोन उचलत नाहीत त्या लिहितात. हसली बिचारी. तिला वाटलं मी थट्टाच करतेय.

घरचं ठीक. माझे गुडघे आता सगळ्या शेजाऱ्यांना माहीत आहेत, इतके जिना चढताना वाजतात. बाबांचा मोतीबिंदू काढून झाला, आता बरं दिसतं. काम पूर्वीसारखं येत नाही. एके काळी या शहरातल्या निम्म्या कॉलेजांच्या भिंतींवर तुझ्या बापाने काढलेले प्रिन्सिपॉल टांगलेले होते, हे आता प्रिन्सिपॉलांनाही माहीत नसतं. दिलसुखनगरला फोनमधला फोटो दिला की तासाभरात कॅनव्हासवर छापून देतात, वर ब्रशचे फटकारेही उमटवून देतात म्हणे. पण कोठीचे केशवराव वकील वारले ना उन्हाळ्यात, त्यांच्या मुलाने, ओमकारने, वर्षश्राद्धाच्या आत चित्र हवं म्हणून सांगितलंय. वकिलांना जुन्या माणसांसारखं हाताने काढलेलं चित्र हवं होतं. जाताना सांगून गेले, मला छापू नका.

रविवारी मात्र हे गच्चीवर जाऊन खडकच काढतात. समोर आता खडक कुठले. तू मागे बसायचास स्कूटरवर, ईझल पोटाशी धरून, ते सगळे डोंगर सुरुंग लावून उडवले, तिथे आता लोक तिसाव्या मजल्यावर कपडे वाळत घालतात. पण ह्यांच्या कॅनव्हासवर अजून शाबूत आहेत. दगडावर दगड, मधून सीताफळाचं झुडूप, सगळं बरोबर.

विनय, मला एकच हवंय आणि ते सरळ मागते. तू एकदा ये. तुम्ही दोघं एकदा समोरासमोर बसा. बोलला नाहीत तरी चालेल, तसंही तुमच्या घराण्यात बोलण्याची पद्धत नाहीच. पण लवकर ये. पुढच्या वर्षी बघू, असं कृपा करून म्हणू नकोस. का, ते विचारू नकोस.

आई

४ सप्टेंबर २०२४

चि. विनय,

तुझा मेसेज मिळाला. “सीझन आहे, जमणार नाही.” अपघातांचाही सीझन असतो हे मला माहीत नव्हतं. पाऊस पडला की गाड्या आपटतात आणि तू त्यांचे फोटो काढत हिंडतोस, बरोबर आहे, विमा कंपनीला त्याशिवाय कळणार कसं. मी टोमणा मारत नाहीये. नाही, मारते आहे.

आज एक गोष्ट झाली, ती तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

वकिलांचं चित्र पुरं झालं. ह्यांनी मला ते नीट बघूही दिलं नाही, ओल्या रंगाला कापड लागणार नाही अशा काड्या लावून बांधलं आणि म्हणाले, युसूफभाईंकडे पोचव. पूर्वी स्वतः जायचे, हल्ली एकट्याने कोठीच्या गर्दीत जायला नको म्हणतात. मी रिक्षाने नेलं. युसूफभाई आता खूप थकले, पण चौकटी अजून तेच करतात. त्यांनी कापड काढलं, चित्र बघितलं आणि खालीच बसले. मला काही कळेना. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, “भाबी, ये तो अपने विनय बाबा हैं ना? कब हुआ? हमकू बोले बी नइं.”

मी पुढे होऊन बघितलं. कोट वकिलांचा, गळ्यातला पांढरा बँड वकिलांचा, हातात पुस्तक वकिलांचं. आणि वर तुझं तोंड. पोक्त केलेलं, मिशी लावलेली, पण तूच. तुझी ती खालच्या ओठाची ठेवण, जी माझ्या वडिलांची.

युसूफभाईंना तसं का वाटलं ते तुला सांगायला नको. जिवंत माणसाचं चित्र असलं की तुझे बाबा मागे देखावा काढतात, आपले खडक, थोडं आभाळ. गेलेल्या माणसामागे नुसता तपकिरी रंग. इतकी वर्षं चौकटी केल्यावर युसूफभाईंना ते पाठ आहे. तुझ्यामागे तपकिरी रंग बघितला आणि त्यांनी चंदनाचा हारसुद्धा मनात काढून ठेवला असणार. मी त्यांना म्हटलं, नाही हो, विनय नागपूरला आहे, चांगला आहे. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, पाणी पाजलं मला आणि चौकटीचे पैसेही घेईनात.

घरी येऊन ह्यांना काही बोलले नाही. तू लहानपणापासून ह्यांच्या समोर बसलास. गिऱ्हाइकाचं कुणाचंही चित्र असो, मान कशी वळवायची, उजेड कुठून घ्यायचा, ते आधी तुझ्यावर बसवायचे. तुझी क्रिकेटची वेळ टळून जायची आणि तू रडवेला होऊन जज्ज होऊन बसायचास. हाताला तुझं तोंड लागलंय त्यांच्या, दुसरं काय. म्हातारपणी आठवण अशी येते, असं समज.

पण जिवंत मुलाचं तोंड परक्याच्या दिवाणखान्यात हार घालून लागणार, हे मला सोसत नाही. मी शहाणी बाई आहे, शाळेत मुलांना विज्ञान शिकवलंय, तरी सोसत नाही. तू येऊन एकदा ह्यांच्यासमोर उभा राहा.

आई

२० नोव्हेंबर २०२४

चि. विनय,

चित्र परत आलं.

दिवाळीच्या आधी ओमकार स्वतः घेऊन आला, बरोबर वकिलांच्या पत्नी, त्रिवेणीबाई. मुलगा सज्जन, शब्द शोधत होता. काकू, राग मानू नका, पण हे आमचे अप्पा नाहीत, म्हणाला. त्रिवेणीबाईंनी चित्राकडे बघून मला विचारलं, “हा कोण मुलगा आहे हो? चांगला दिसतो.” मी म्हटलं, आमचा. त्या माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिल्या.

तुझे बाबा आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. शेवटी अप्पांना छापलंच म्हणे. ही बातमी कोठीत पसरायला वेळ लागत नाही. दिवाळीपासून एक काम आलेलं नाही. मुकुंदरावांचा हात गेला, असं लोक तुझ्या बाबांबद्दल बोलतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

आणि तुझा मेसेज. “कशाला येऊ? पुन्हा माझं काहीतरी दुरुस्त करतील.”

बरं झालं तूच विषय काढलास. इतकी वर्षं आपण तो घरातल्या मांजरासारखा ओलांडून जात होतो. त्या प्रदर्शनासाठी तू माझं चित्र काढलंस. सबंध उन्हाळा मी त्या स्टुलावर बसले, घामाने निथळत. तू चौकट आणायला युसूफभाईंकडे गेलास आणि तेवढ्यात ह्यांनी ब्रश उचलला. मी स्वयंपाकघरातून बघितलं तेव्हा माझं तोंड बदलून झालं होतं. म्हटलं, अहो, त्याचं आहे ते. म्हणाले, चूक दिसली, हात गेला. खरंच तसंच झालं असणार. हा माणूस बँकेत गेला तर तिथलं तिरपं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय पैसे काढत नाही. दुसऱ्याच्या चित्रातली चूक बघून हात मागे ठेवणं ह्यांना कधी जमलं नाही, कॉलेजात मास्तरांच्या चित्रावरही ह्यांनी हात फिरवला होता आणि वर्षभर बाहेर बसले होते.

मग त्या चित्राला पहिलं बक्षीस. परीक्षकांनी नेमकं तोंडाचं कौतुक केलं. तू ते बक्षीस घरी आणून खाटेवर ठेवलंस, ब्रश धुतलेस, पुसलेस, आणि स्टेशनवर गेलास. त्यानंतर ब्रश धरला नाहीस. तुझं खरं होतं, विनय. मी तेव्हाही ह्यांना तेच सांगितलं. तू काढलेलं माझं तोंड जरा रागीट होतं, आणि तेच बरोबर होतं. ह्यांनी मला शांत करून ठेवलं. एवढा संसार करून ज्याला बायको शांत आहे असं वाटतं, त्याला पोर्ट्रेट पेंटर कोण म्हणेल?

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तुम्हा दोघांनाही लागू. ह्यांनी तुला कधी चुकलो म्हटलं नाही आणि तू कधी म्हणायची संधी दिली नाहीस. मी मध्ये उभी राहून म्हातारी झाले. आता उभं राहवत नाही.

ये रे. या वेळी मी मागत नाही, सांगते आहे.

आई

६ जानेवारी २०२५

चि. विनय,

सिकंदराबादला ऑफिसचं काम निघालंय आणि रविवारी सकाळी तू घरी येणार, हा मेसेज मी चार वेळा वाचला. ऑफिसचं काम खरंच आहे की तूच काढलंस, मी विचारणार नाही. तू आलास की झालं.

बाबांना सांगितलं. दुपारी खुर्ची खिडकीपाशी ओढण्याचा आवाज आला. मग पुन्हा थोडी इकडे, पुन्हा थोडी तिकडे. न्हाव्याला घरी बोलवायला सांगितलंय. मला विचारलं, तो अजून तसाच बसतो का, एक खांदा पाडून? म्हटलं, मला काय माहीत, मी तरी कुठे बघितलंय.

येताना काही आणू नकोस. जुनं काही काढू नकोस. ते काही विचित्र वागले तर मनावर घेऊ नकोस, वय झालंय. एवढं ऐक माझं.

आई

१९ जानेवारी २०२५

विनय,

तुला घाई होती म्हणून जे मला बोलता आलं नाही ते लिहिते.

तू आलास, पाया पडलास. ते म्हणाले, “उजेडात बस.” तू त्या खुर्चीत बसलास, आणि त्यांनी मान फिरवली ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. तू प्रवासाचं बोललास, नोकरीचं बोललास, ईशा दहावीला आहे, गणितात चांगली आहे ते बोललास. नातीचं नाव ऐकूनही मान वळली नाही. तुझा चहा तसाच निवला. मग तू म्हणालास, “कॅलेंडरशीच बोलायचं होतं तर मला कशाला बोलावलंत?” आणि उठलास. तुझ्या जागी मी असते तर मीही उठले असते.

तू दारात बूट घालत होतास तेव्हा मी उंबऱ्यात का उभी राहिले, तुला हाताला धरून आत का ओढलं नाही, हे तुझ्या मनात आलं असेल. मागून येऊन त्यांनी माझं मनगट धरलं होतं. तुला ते दिसलं नाही, मी पदराआड केलं. मला बोलायचं होतं. बोलू शकत नव्हते. का, ते अजून सांगता येत नाही.

तुझा राग समजते. पण जिना उतरताना तू जे म्हणालास, की आता हा माणूस मेला तरी कळवू नकोस, ते त्यांनी ऐकलं. कान शाबूत आहेत, मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

आई

१४ मार्च २०२५

चि. विनय,

हे पत्र बाजूला ठेवू नकोस. चहापर्यंतही थांबू नकोस.

मोतीबिंदू नव्हता. मी खोटं लिहिलं. ह्यांचा उजवा डोळा केव्हाच गेला होता आणि डावा मागच्या वर्षीपासून जात होता. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. डोळ्यात इंजेक्शनं दिली, ती घ्यायला मी बरोबर जायची, उपयोग व्हायचा तेवढा झाला. हा आजार मधलं खातो आणि कडेचं ठेवतो. म्हणजे माणसाकडे सरळ बघितलं की त्याचं तोंड जातं. खांदे दिसतात, कान दिसतात, मागचं कपाट दिसतं, आणि मधोमध मळका डाग. जन्मभर लोकांची तोंडं काढून पोट भरलेल्या माणसाला नेमका हा आजार व्हावा. देवाला नावं ठेवायची नाहीत म्हणतात, पण मी ठेवते.

खडक बरोबर यायचे ते त्यामुळे, ते पाठच होते आणि कॅनव्हास कडेने दिसत होता. वकिलांचा फोटो मात्र त्यांना दिसतच नव्हता. कुणाला कळू नये म्हणून काम घेतलं आणि हाताला येत होतं ते तोंड काढलं. चित्र परत आलं त्या दिवशी मला विचारलं, कुणासारखं झालंय? मी म्हटलं, विनयसारखं. म्हणाले, “मग चांगलं झालं असेल.”

मी तुला आधीच का सांगितलं नाही? त्यांनी मला शपथ घातली होती. माझी नाही, त्यांची नाही, तुझ्या गळ्याची. म्हणाले, आंधळा झाला म्हणून दया येऊन आला तर ते येणं मला नको, बापाकडे यायचं असेल तर येऊ दे. मुलाच्या गळ्याची शपथ कोणती आई मोडते? मी उंबऱ्यात उभी राहिले ती यासाठी. तू जिना उतरत होतास आणि माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, पण तुझ्याच गळ्याची शपथ, तू निघालास स्टेशनला, रस्त्यावर ट्रक असतात. तू रोज त्याच गाड्यांचे फोटो काढतोस. नाही बोलता आलं मला.

आता त्या रविवारचं सांगते. समोरच्या माणसाकडे सरळ बघितलं की तो दिसत नाही, म्हणून ह्यांनी स्वतःच एक युक्ती काढली होती. माझं तोंड बघायचं असलं की माझ्या बाजूला, दूर कुठेतरी नजर लावायची. मग मी कडेने दिसते. मला याची इतकी सवय झाली की तुला ते कसं दिसेल हे माझ्या लक्षातच आलं नाही. तू खिडकीपाशी बसलास आणि त्यांनी कॅलेंडरवर नजर लावली, ती तू दिसावास म्हणून. खुर्ची त्यासाठी दोन दिवस सरकवत होते, मला उभं करून, बसवून, कुठून तोंडावर उजेड पडतो ते ठरवत होते. तू बोलत होतास तेव्हा मान हलवली नाही, कारण हलवली असती तर तू गेला असतास.

तू गेल्यावर पुन्हा जागेवर येऊन बसले. मग मला म्हणाले, कानाशी पांढरे झालेत त्याचे. वजन उतरलंय. चष्म्याची फ्रेम तोंडाला मोठी आहे. अजून एक खांदा पाडूनच बसतो. आणि मग म्हणाले, “वरून दुसरं बटण तुटलंय त्याच्या शर्टाचं, कुणी लावून देत नाही का?” मला नव्हतं दिसलं. मी तुझ्याकडे सरळ बघत होते तरी नव्हतं दिसलं. तू तो निळा शर्ट काढून बघ.

मी म्हटलं, आता तरी शपथ सोडवा, मी त्याला कळवते. नाही म्हणाले. तो रागावून गेला ते बरं, दयेने राहिला असता तर काय केलं असतं, असं म्हणाले. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस फक्त भात लावला.

शिमग्याच्या चार दिवस आधी डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता होण्यासारखं काही नाही. उजेड आहे की अंधार, एवढं कळतं. कडेचंही गेलं. खडक गेले. ईझल त्यांनी स्वतः चाचपडत दुमडलं आणि खाटेखाली सारलं. आज मी ह्यांना म्हटलं, सुटली म्हणा. लहानपणी तुम्ही मुलं शपथ उतरवायला म्हणायचात तसं. शेवटी मीच म्हटलं, सुटली. देवासमोर दिवा लावला, तुझं नाव घेऊन पुन्हा म्हटलं, सुटली, आणि लिहायला बसले. त्यांना पेनाचा आवाज ऐकू येतोय. कुणाला लिहितेस, विचारलं नाही.

दया येऊन येऊ नकोस, तेवढं मात्र त्यांचं ठेव. त्यांनी तुझं चित्र बिघडवलं तो राग घेऊन ये, तुझा आहे तो. घालवू नकोस. पण ये, आणि त्या खुर्चीत बस. या वेळी ते तोंड फिरवणार नाहीत. आता फिरवून काही दिसत नाही. तुझ्याकडे सरळ बघतील, आणि तू बोलला नाहीस तर समोर कोण बसलंय हे त्यांना कळणार नाही.

तुझी,
आई